संगणकावर बॅकगॅमन खेळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅकगॅमन हा दोन फाशांचा जुना पटखेळ संगणकावर खेळू लागलेल्या मराठी खेळाडूंना सुरुवातीला ज्या शंका येतात, त्या येथे एकत्र केल्या आहेत. बहुतेकांची पहिली शंका फाशांच्या प्रामाणिकपणाविषयी असते, म्हणून त्या भागाला सर्वांत अधिक जागा दिली आहे. ज्यांना नियम माहीत आहेत त्यांनी थेट तेथून वाचण्यास हरकत नाही.

बॅकगॅमन हा नेमका कसा खेळ आहे? सारीपाट येत असेल तर तो लवकर समजतो का?

होय, बराच लवकर समजतो. पटावर २४ निमुळती घरे असतात आणि प्रत्येक खेळाडूकडे १५ सोंगट्या असतात. दोघांच्या सोंगट्या एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालतात. दोन फासे टाकायचे, पडलेल्या दानाप्रमाणे सोंगट्या पुढे न्यायच्या, सगळ्या सोंगट्या शेवटच्या ६ घरांत म्हणजे होम बोर्डात आणायच्या आणि तेथून पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या सर्व सोंगट्या आधी बाहेर पडतात तो जिंकतो. दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला तर ते दान दुप्पट होते, म्हणजे तो आकडा ४ वेळा खेळायचा असतो.

सारीपाट खेळलेल्या माणसाला ‘जुग’ ठाऊक असते. एका घरात आपल्या दोन सोंगट्या एकत्र आल्या की त्यांना धोका राहत नाही, ही कल्पना बॅकगॅमनमध्येही आहे आणि साऱ्या खेळाचा कणा तीच आहे. दोन किंवा अधिक सोंगट्यांचे घर बांधले की प्रतिस्पर्ध्याला तेथे उतरताच येत नाही. एकटी सोंगटी मात्र मारली जाते, पटाच्या मधल्या पट्टीवर म्हणजे बारवर जाते आणि तिला प्रतिस्पर्ध्याच्या होम बोर्डातून पुन्हा आत यावे लागते. ती आत येईपर्यंत दुसरी कोणतीही सोंगटी हलवता येत नाही. आमच्या आजोळी कापडी पटावर कवड्या टाकून खेळताना मामी प्रत्येक चालीआधी ‘एकटी सोडू नकोस’ असे बजावत असे. बॅकगॅमनच्या पहिल्या आठवड्यात मला तेवढा एकच धडा पुरला.

फरक सांगायचा तर सारीपाटाचा पट अधिकच्या (+) चिन्हासारखा असतो आणि तेथे चार बाजूंनी खेळता येते, तर बॅकगॅमन नेहमी दोघांतच खेळला जातो. सारीपाटाचे फासे लांबट, चार बाजूंचे असतात किंवा त्यांच्या जागी कवड्या असतात, तर येथे नेहमीचे सहा बाजूंचे ठोकळे वापरले जातात.

हा खेळ आला कुठून?

आजचे इंग्रजी नाव आणि नियम युरोपात स्थिरावले असले तरी खेळाचे कूळ पश्चिम आशियातले आहे. इराणमध्ये तो ‘नर्द’ किंवा ‘तख्ते-नर्द’ म्हणून, तुर्कस्तानात ‘तावला’ म्हणून आणि ग्रीसमध्ये ‘तावली’ म्हणून आजही चहा-कॉफीच्या टेबलावर खेळला जातो. रोमन लोकांचा ‘ताबुला’ हा याच कुळातला खेळ होता. पाचव्या शतकातील बायझंटाइन सम्राट झेनो याच्यावर ताबुलात आलेले एक अत्यंत दुर्दैवी दान पुढे ॲगाथियास या लेखकाने नोंदवून ठेवले, त्यामुळे तो डाव आजही पटावर मांडता येतो. फाशांवर चडफडण्याची परंपरा किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

भारताशी असलेला संबंध एका इराणी कथेतून येतो. पहलवी भाषेतील एका जुन्या लेखात आणि नंतर फिर्दौसीच्या शाहनाम्यात ती सांगितली आहे. हिंदुस्थानच्या राजाने इराणच्या बादशहाकडे बुद्धिबळाचा पट कोडे म्हणून पाठवला, तेव्हा बुजुर्गमिहिर या वजिराने ते कोडे सोडवलेच, शिवाय उत्तर म्हणून स्वतः रचलेला नर्दचा पट हिंदुस्थानला पाठवला. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून तिच्याकडे पाहू नये. तरीही, आपला बुद्धीवर चालणारा खेळ त्यांनी घेतला आणि दैव व बुद्धी यांची सांगड घालणारा त्यांचा खेळ आपल्याला दिला, ही कल्पना मला फार आवडते. अर्थात फाशांचे आपल्याला काही नवल नव्हते. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत आणि महाभारताची कथाच द्यूतावर वळण घेते.

आखातात नोकरीनिमित्त राहिलेल्या अनेक मराठी माणसांनी हा खेळ पाहिलेला असतो, फक्त त्याचे नाव त्यांना ‘तावला’ किंवा ‘शेश-बेश’ असे माहीत असते. शेश-बेश म्हणजे ६ आणि ५ चे दान. तुर्की खेळाडू आजही दाने फारसी आकड्यांत पुकारतात.

संगणकावर खेळण्यासाठी कोणता प्रोग्रॅम घ्यावा?

शिकण्याचा हेतू असेल तर ग्नू बॅकगॅमन घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो मोफत आहे, त्याची मूळ संहिता म्हणजे सोर्स कोड कोणालाही उघडून वाचता येतो आणि तो मोठमोठ्या खेळाडूंच्या तोडीचा किंवा त्यांच्याहून सरस खेळतो. स्पर्धांमध्ये उतरणारे गंभीर खेळाडू विश्लेषणासाठी एक्स्ट्रीम गॅमन हा विकत मिळणारा प्रोग्रॅम वापरतात. २००९ पासून तो या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. मोबाइलवर मिळणारी अनेक ॲप्स वेळ घालवायला ठीक असतात, परंतु ज्यात आपल्या चुका दाखवण्याची सोय नाही अशा ॲपवर वर्षभर खेळूनही खेळ जिथल्या तिथे राहतो.

संगणक फासे लबाडीने टाकतो का?

हा प्रश्न संगणकावरील बॅकगॅमनइतकाच जुना आहे. १९९२ मध्ये इंटरनेटवरचा पहिला बॅकगॅमन सर्व्हर सुरू झाला, तेथे माणसे माणसांशीच खेळत असत, आणि तरीही फाशांविषयी तक्रारी येतच राहिल्या. म्हणून या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘नाही’ असे देऊन भागत नाही. फासे कसे पडतात ते आधी समजून घ्यायला हवे.

संगणकाजवळ खरा फासा नसतो. तो एका गणिती सूत्रातून आकड्यांची लांबलचक माळ तयार करतो आणि त्या माळेतला पुढचा आकडा हे पुढचे दान असते. ग्नू बॅकगॅमन यासाठी सहसा ‘मर्सेन ट्विस्टर’ ही पद्धत वापरतो, जी माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी तयार केली. या माळेतील आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला जितकी पावले लागतात, ती संख्या लिहायची झाली तर ६,००२ अंक लिहावे लागतील. माळ कोठून सुरू करायची हे ‘सीड’ नावाच्या एका संख्येवर ठरते. एकदा सीड ठरले की पुढची सर्व दाने ठरली. पटावर कोणाच्या सोंगट्या कोठे आहेत, पाळी कोणाची आहे, याची त्या सूत्राला खबरही नसते.

याचा एक परिणाम अनेकांना संशयास्पद वाटतो. काही प्रोग्रॅममध्ये डाव मागे घेऊन पुन्हा फासे टाकले तर तेच दान पुन्हा पडते. ‘बघा, सगळे आधीच ठरलेले आहे’ असे त्यावर म्हटले जाते. दाने आधी ठरलेली असतात हे खरेच आहे, परंतु त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. तुम्ही चाल बदलली तरी दान बदलत नाही, याचाच अर्थ तुमची चाल पाहून दान ठरवले जात नाही.

प्रामाणिकपणाची शंका तरीही उरली तर दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ग्नू बॅकगॅमनची संहिता खुली असल्यामुळे त्यात फाशांची चोरी लपवून ठेवणे शक्य नाही. जगभरातील जाणकारांनी ती वाचलेली आहे. आणि संगणकाला लबाडीची गरजच नाही, कारण तो आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकापेक्षा चांगला खेळतो. ज्या मोबाइल ॲप्सची संहिता बंद आहे त्यांच्याविषयी मी अशी हमी देणार नाही. मात्र तेथेही पुढच्या एका उत्तरात दिलेली मोजणी करता येते.

मग संगणकालाच नेमके हवे ते दान का पडते?

कारण तो अशा जागी सोंगट्या ठेवतो की त्याला पुष्कळ दाने ‘हवी ती’ असतात. हे एकदा नीट समजले की खेळ कायमचा बदलतो, म्हणून येथे थोडे थांबून आकडे पाहू.

दोन फाशांची एकूण ३६ दाने होतात. समजा तुमची एकटी सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपासून ६ घरांवर उभी आहे आणि मधली वाट मोकळी आहे. कोणत्याही फाशावर ६ आला की ती मरते, अशी दाने ११ आहेत. त्याशिवाय ५-१ ची २, ४-२ ची २, ३-३ चे १ आणि २-२ चे १ दान. एकूण १७. म्हणजे ३६ पैकी १७ वेळा, जवळजवळ निम्म्या वेळा, ती सोंगटी मारली जाणार. आता तीच सोंगटी आणखी फक्त एक घर दूर, ७ घरांवर ठेवली तर तिला मारणारी दाने उरतात ६-१, ५-२ आणि ४-३, म्हणजे ३६ पैकी केवळ ६.

नवखा खेळाडू सोंगटी ६ घरांवर सोडतो आणि संगणक ती मारतो. संगणक आपली सोंगटी ७ घरांवर सोडतो आणि नवख्याला ती मारता येत नाही. पटावर दोन्ही चाली सारख्याच दिसतात, कारण दोघांनीही एकेक सोंगटी उघडी ठेवलेली असते. मनात मात्र ठसते ते एवढेच, की ‘मी सोडली की तो मारतो आणि तो सोडतो तेव्हा मला दान पडत नाही’. हा अनुभव खोटा नसतो, त्याचा दोष मात्र चुकीच्या ठिकाणी लावला जातो.

बारवरच्या सोंगटीचेही तसेच आहे. प्रतिस्पर्ध्याने होम बोर्डातील ३ घरे बांधली असतील तर ३६ पैकी २७ दानांनी आत येता येते. ५ घरे बांधली असतील तर केवळ ११ दानांनी. संगणक घरे बांधण्यात अतिशय चोख असल्यामुळे त्याच्याविरुद्ध आपण बारवर अडकून बसतो आणि ‘चार वेळा टाकले, एकदाही आत आलो नाही’ अशी तक्रार करतो. तक्रार खरी असते, परंतु ती ५ घरे बांधली जात असताना आपण काय करत होतो, हा विचारायचा प्रश्न आहे.

यात स्मरणाचाही वाटा असतो. मोक्याच्या क्षणी पडलेले ६-६ वर्षभर आठवते; त्याच डावात पडलेली पंधरा साधी दाने संध्याकाळपर्यंत विसरली जातात.

फाशांची चाचणी स्वतः कशी घ्यावी?

वहीत लिहून. दुप्पट दाने मोजणे सर्वांत सोपे आहे. ३६० वेळा फासे टाकले तर सरासरी ६० दुप्पट दाने पडायला हवीत, पण नेमकी ६० पडतील अशी अपेक्षा ठेवू नये. गणिताप्रमाणे अशा शंभर चाचण्यांपैकी सुमारे ९५ चाचण्यांत तो आकडा ४६ ते ७४ यांच्या दरम्यान येतो. तुम्हाला ६८ मिळाली म्हणून फासे लबाड ठरत नाहीत. एक सूचना मात्र पाळावी: डावाची पहिली दाने मोजणीतून वगळावीत, कारण सुरुवातीला प्रत्येक खेळाडू एकच फासा टाकतो आणि दोन्ही आकडे सारखे आले तर पुन्हा टाकले जातात. त्यामुळे पहिले दान कधीच दुप्पट नसते.

‘लागोपाठ तीन दुप्पट दाने पडली, हे शक्य आहे का?’ असेही विचारले जाते. ठरावीक तीन फेकींत तसे होण्याची शक्यता २१६ मध्ये १ आहे. पण दोघांची मिळून ५० दाने होतील अशा डावात त्यासाठी जवळपास ५० संधी असतात, त्यामुळे साधारण सहा डावांतून एकदा हे घडताना दिसायलाच हवे. कधीच घडले नाही, तर फाशांवर शंका घ्यावी.

माझे स्वतःचे, हाताने टाकलेले फासे वापरता येतात का?

ग्नू बॅकगॅमनमध्ये येतात. फाशांच्या सेटिंगमध्ये हाताने दान भरण्याचा पर्याय आहे. तो निवडला की प्रोग्रॅम प्रत्येक वेळी तुम्हाला विचारतो आणि तुम्ही टेबलावर टाकलेले दान त्याला सांगता, तुमचेही आणि त्याचेही. ज्याचा संशय कशानेच जात नाही त्याने हा उपाय अवश्य करावा. मी स्वतः एका पावसाळ्यात महिनाभर असे खेळलो. लाकडी ताटलीत, स्टीलच्या पेल्यातून फासे टाकत होतो, म्हणजे हातचलाखीला वावच नको. महिन्याअखेरीस वहीत माझे ९ डाव होते आणि संगणकाचे २७. त्याआधी त्याच्या फाशांवर खेळताना प्रमाण जवळपास हेच होते. त्या दिवसापासून मी फाशांचा विचार सोडला आणि चालींचा सुरू केला.

प्रोग्रॅम मला माझी चाल करू देत नाही. बिघाड आहे का?

बहुधा नियम आड येत असतो. शक्य असेल तर दोन्ही फाशांचे आकडे खेळलेच पाहिजेत, हा नियम घरगुती खेळात अनेकदा पाळला जात नाही. दोन्हींपैकी कोणताही एकच खेळता येत असेल तर मोठा आकडा खेळावा लागतो. बारवर सोंगटी असेल तर आधी ती आत आणावी लागते, आणि एक जरी सोंगटी होम बोर्डाबाहेर असेल तर सोंगट्या पटाबाहेर काढता येत नाहीत. माणूस समोर असेल तर या गोष्टींवरून वाद होतो. संगणक फक्त सोंगटी परत जागेवर ठेवतो.

संगणक इतका चांगला खेळायला शिकला कसा?

बॅकगॅमन हा संगणकाच्या इतिहासात मानाचे स्थान असलेला खेळ आहे. १९७९ मध्ये माँटे कार्लो येथे हान्स बर्लिनर यांच्या ‘बीकेजी ९.८’ या प्रोग्रॅमने, नुकताच विश्वविजेता झालेल्या लुइजी व्हिला याला ७-१ असे हरवले. कोणत्याही पटखेळात विद्यमान विश्वविजेत्याला संगणकाने हरवण्याची ती पहिली वेळ होती. बर्लिनर यांचा मोठेपणा असा, की नंतर डाव तपासून त्यांनी स्वतःच मान्य केले की व्हिला अधिक चांगला खेळला होता आणि फासे प्रोग्रॅमच्या बाजूने पडले होते.

खरी क्रांती १९९२ च्या सुमारास झाली. आयबीएमच्या संशोधन केंद्रातील जेराल्ड टेसॉरो यांनी ‘टीडी-गॅमन’ नावाचा प्रोग्रॅम रचला. त्याला खेळाचे नियम दिले, चेतापेशींच्या जाळ्यावरून सुचलेले एक गणिती जाळे दिले आणि स्वतःशीच लाखो डाव खेळायला लावले. सुरुवातीला तो अक्षरशः वाटेल त्या चाली करत असे. प्रत्येक डावाच्या निकालातून मागे जाऊन तो आपले अंदाज थोडे थोडे दुरुस्त करत गेला आणि काही लाख डावांनंतर जगातील उत्तम खेळाडूंच्या पंक्तीला जाऊन बसला. आज आपण वापरतो ते ग्नू बॅकगॅमन आणि एक्स्ट्रीम गॅमन याच वाटेने घडलेले आहेत.

फाशांचा येथे मोठा उपयोग झाला, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. दानांमुळे प्रत्येक डाव वेगळ्या वाटेने जातो, त्यामुळे स्वतःशीच खेळणारा प्रोग्रॅम त्याच त्या चालींच्या चक्रात अडकत नाही. आपण ज्या दैवाच्या नावाने खडे फोडतो, त्यानेच यंत्राला शिकवले.

सुरुवातीच्या चालींविषयी जुनी पुस्तके एक सांगतात आणि संगणक दुसरेच खेळतो. कोणाचे ऐकावे?

संगणकाचे. टीडी-गॅमनने माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुती बदलल्या. उदाहरणार्थ ४-१ चे पहिले दान घेऊ. घरे आपल्या बाजूने १ ते २४ मोजली, तर पूर्वी बहुतेक खेळाडू ४ ने १३ व्या घरातली सोंगटी ९ व्या घरात आणत आणि १ ने ६ व्या घरातली सोंगटी ५ व्या घरात एकटी ठेवत. पुढच्या पाळीला ते मोक्याचे पाचवे घर बांधता येईल अशी त्यामागे आशा असे. पण त्या सोंगटीला मारणारी दाने ३६ पैकी १५ आहेत. टीडी-गॅमनने तो १ मागच्या सोंगटीला दिला, म्हणजे २४ व्या घरातली एक सोंगटी २३ व्या घरात सरकवली. तज्ज्ञांनी पडताळणी केली, ती त्यांना पटली आणि स्पर्धांमधला खेळच बदलला.

काही दाने मात्र निर्विवाद आहेत. ३-१ पडले की ८ व्या व ६ व्या घरातील एकेक सोंगटी आणून पाचवे घर बांधावे, ४-२ ला चौथे, ६-१ ला १३ व्या व ८ व्या घरांतून सातवे. एवढी तीन पाठ केली तरी नवख्याचा पहिला महिना सुखाचा जातो.

डबलिंग क्यूब म्हणजे काय, आणि तो स्वीकारावा की नाकारावा?

पटाच्या कडेला असलेल्या या ठोकळ्यावर २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ हे आकडे असतात. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तो खेळात आला. आपली बाजू वरचढ आहे असे वाटणारा खेळाडू आपल्या पाळीला, फासे टाकण्यापूर्वी, डावाचे गुण दुप्पट करण्याचा प्रस्ताव ठेवतो. समोरच्याने नाकारले तर तो तेथेच १ गुण हरतो. स्वीकारले तर डाव २ गुणांचा होतो आणि पुढचा प्रस्ताव ठेवण्याचा हक्क स्वीकारणाऱ्याकडे जातो.

नवखे खेळाडू फार लवकर नाकारतात. हिशेब असा आहे: एकाच प्रकारची स्थिती ४ वेळा आली आणि चारही वेळा नाकारले तर ४ गुण गेले. चारही वेळा स्वीकारले, ३ वेळा हरलो आणि एकदा जिंकलो, तर ६ गेले, २ आले, म्हणजे ४ च गेले. म्हणून जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक वाटत असेल तर साधारणपणे स्वीकारावे. आपली एकही सोंगटी बाहेर पडण्यापूर्वी प्रतिस्पर्धी जिंकला तर गॅमन होतो आणि गुण दुप्पट जातात. तो धोका मोठा असेल तर ही मर्यादा वर सरकवावी लागते.

ज्यांना हे ओझे वाटते त्यांनी पहिले काही आठवडे क्यूब बंद ठेवावा. नंतर मात्र तो शिकावाच, कारण निम्मे शहाणपण त्यातच आहे.

सोपी पातळी निवडली तर फासे सोपे होतात का?

नाही. फासे सर्व पातळ्यांवर सारखेच राहतात. खालच्या पातळ्यांवर ग्नू बॅकगॅमन आपल्याच हिशेबात मुद्दाम गोंधळ मिसळतो, त्यामुळे तो अधूनमधून चुकीची चाल करतो. वरच्या पातळ्यांवर गोंधळ नसतो आणि तो पुढच्या एक-दोन पाळ्यांची सर्व दाने तपासतो. माझा सल्ला असा, की सोप्या पातळीवर जिंकत बसण्यापेक्षा वरच्या पातळीवर हरावे आणि प्रत्येक डावानंतर विश्लेषण पाहावे.

विश्लेषणात दिसणारे आकडे कसे वाचावेत?

तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक चालीपुढे सर्वोत्तम चालीच्या तुलनेत किती नुकसान झाले ते दिलेले असते. ०.०२ इतक्या फरकाकडे नवख्याने दुर्लक्ष करावे, ०.१ च्या वर गेलेली प्रत्येक चूक पटावर पुन्हा मांडून पाहावी. दुसरे, सबंध डावाची सरासरी चूक. ती जितकी कमी तितका खेळ चांगला. तिसरा आकडा दैवाचा असतो आणि तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक फेकीच्या वेळी वेगवेगळी २१ दाने शक्य असतात; प्रोग्रॅम त्या सर्वांची सरासरी काढतो आणि प्रत्यक्ष पडलेले दान त्याहून किती बरे किंवा वाईट होते ते नोंदवतो. डावाअखेरीस त्याची बेरीज मिळते. ‘आज फासेच वाईट होते’ हे वाक्य त्या बेरजेशी ताडून पाहावे. कधी ते खरे निघते, आणि तेव्हा निर्धास्तपणे दुसरा डाव मांडावा. माझ्या बाबतीत तीनपैकी दोनदा ते खरे नसते.

पैसे लावून ऑनलाइन खेळता येईल का?

खेळू नये. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. क्यूबचे गुण हे गुणच राहू द्यावेत. त्याने खेळाची रंगत तसूभरही कमी होत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना संगणकावर हा खेळ शिकवायचा आहे. कोठून सुरुवात करावी?

पडद्यापासून करू नये. आधी पुठ्ठ्यावर २४ घरे आखावीत, सोंगट्यांसाठी कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या घ्याव्यात. त्या प्रत्येकी ९ असतात, कमी पडणाऱ्या ६-६ जागी दोन वेगळ्या रंगांची बटणे चालतात. प्रत्येकाने आपल्या मोजणीप्रमाणे २४ व्या घरात २, १३ व्यात ५, ८ व्यात ३ आणि ६ व्यात ५ सोंगट्या मांडायच्या. दोन-तीन डाव हाताने झाले की मग संगणकावर दोन्ही बाजूंना ‘माणूस’ हा पर्याय निवडून आपणच त्यांच्याशी खेळावे, म्हणजे मोजणीचे काम यंत्र करील आणि बोलणे आपापसात राहील. अक्षरे व पट मोठा करून घ्यावा आणि सोंगट्या आपोआप हलण्याचा वेग कमी ठेवावा, नाहीतर प्रतिस्पर्ध्याने काय खेळले हे डोळ्यांना कळण्याआधीच पाळी परत येते. माझ्या मामीला मी असेच शिकवले. दुसऱ्याच डावात तिने माझी सहा घरांवर सोडलेली सोंगटी मारली.